सायकल अडकली? बॅक्टेरियाची बाटली आणण्याआधी केएच मोजा

माशांचा नवा टँक भरला, फिल्टर लावला, मासे न सोडता नुसता अमोनिया घालून सायकल सुरू केली. दोन-तीन आठवड्यांत अमोनिया उतरू लागला, नायट्राइट चढलं, सगळं वाचलं होतं तसंच. आणि मग एकदम ठप्प. अमोनिया घालावा तर चार दिवसांनीही तेवढाच. नाहीतर नायट्राइटच्या टेस्टचा जांभळा रंग महिना लोटला तरी तसाच. दुकानात विचारलं की उत्तर ठरलेलं : "बॅक्टेरियाची बाटली न्या, दोन झाकणं टाका." शेजारचे काका म्हणतात, "चार गप्पी सोडून बघ रे, काही होत नाही त्यांना."

दोन्ही नको. मुंबईतल्या अडकलेल्या टँकमध्ये बॅक्टेरिया बहुतेक वेळा असतातच, फक्त त्यांचं काम थांबलेलं असतं. आणि ते थांबण्याचं सगळ्यांत मोठं कारण आपल्या नळाच्या पाण्यात आहे. म्हणून खाली कारणं पुस्तकातल्या क्रमाने दिलेली नाहीत, इथे ज्या क्रमाने तपासावीत त्या क्रमाने दिली आहेत. पहिल्या कारणावर बरंच लिहिलंय, कारण बहुतेकांचं कोडं तिथेच सुटतं.

सायकल म्हणजे काय ते बहुतेकांना माहीत असतं, तरी दोन ओळी. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. एका प्रकारचे बॅक्टेरिया (नायट्रोसोमोनास आणि त्याचे भाऊबंद) त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. या बॅक्टेरियांची वसाहत टँकमध्ये जमवणं म्हणजे सायकल करणं. या दुसऱ्यांचं नाव जुन्या पुस्तकांत नायट्रोबॅक्टर असं असतं. १९९८ मध्ये गोड्या पाण्याच्या टँकचे फिल्टर तपासले गेले तेव्हा तिथे हे काम करताना नायट्रोस्पायरा सापडले. २०१५ मध्ये तर दोन्ही कामं एकट्याने करणारे नायट्रोस्पायराही सापडले. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की हे सगळे फार सावकाश वाढतात. दही लावणारे बॅक्टेरिया रात्रीत काम उरकतात. यांना एकाचे दोन व्हायलाच बरेच तास, कधी दिवसभरही लागतो. आणि ते पाण्यात तरंगत नसतात, स्पंजवर, सिरॅमिक रिंगवर, खडीवर चिकटून असतात.

पहिलं कारण : पाण्यातला केएच संपला

अमोनियाचं नायट्राइट होताना आम्ल तयार होतं. ते आम्ल पाण्यातलं बायकार्बोनेट खाऊन टाकतं. याच बायकार्बोनेटचं मोजमाप म्हणजे केएच. शिवाय या बॅक्टेरियांना स्वतःचं अंग वाढवायला लागणारा कार्बनही तिथूनच मिळतो. केएच संपला की पीएच घसरायला लागतो. साडेसहाच्या खाली काम मंदावतं, सहाच्या आसपास जवळजवळ बंद पडतं. वर या पीएचला बहुतेक सगळा अमोनिया अमोनियमच्या रूपात असतो, आणि या बॅक्टेरियांना मोकळा अमोनिया जास्त सोपा पडतो. म्हणजे कामाला बसायचं बळ नाही आणि समोरचं ताटही रिकामं.

आता मुंबईचं पाणी बघा. अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी, अशा सात तलावांचं पाणी आपल्याला येतं. सगळं पावसाचं, सह्याद्रीच्या काळ्या दगडावरून उतरलेलं. वाटेत चुनखडी लागत नाही. म्हणून पाणी मऊ. साबणाला फेस छान येतो, गीझर खराब होत नाही, डाळ पटकन शिजते. टँक सायकल करणाऱ्याचा मात्र खिसा रिकामा.

हिशेब करून बघू, म्हणजे हे बोलणं हवेतलं वाटणार नाही. १ ग्रॅम अमोनियाकल नायट्रोजनचं नायट्रेट होताना साधारण ७.१४ ग्रॅम क्षारता (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) खर्च होते. २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम) अमोनियाचा एक डोस म्हणजे लिटरमागे सुमारे १.५६ मिलिग्रॅम नायट्रोजन. त्याला लागणार ११ मिलिग्रॅम क्षारता. केएचची एक डिग्री म्हणजे १७.८६ मिलिग्रॅम, म्हणजे प्रत्येक डोसमागे साधारण ०.६ डिग्री गेली. तुमच्या नळाचा केएच २ असेल तर तीन-चार डोसांत खाक. काही ठिकाणी वाचून लोक ४ पीपीएमचा डोस घालतात. मग दीड-दोन डोसांतच.

म्हणूनच इथल्या टँकची लक्षणं इतकी सारखी असतात. पहिले दोन-तीन डोस झपाट्याने पचतात, माणूस खूश होतो, आणि नेमकं तेव्हाच सगळं थांबतं. बोअरचं पाणी वापरणारा मित्र सांगतो, "मला तर असं काही झालं नाही." त्याला होणारच नाही, त्याच्या पाण्यात क्षार आहेत.

तपासायचं कसं? केएचचं थेंबांचं किट मिळतं. पाण्यात एकेक थेंब टाकत जायचं, निळा रंग पिवळा झाला की थांबायचं; जितके थेंब तितक्या डिग्री. पहिल्याच थेंबाला पिवळा झाला तर उत्तर मिळालं. किट नसेल तर पीएच मोजा : एकदा टँकचा, एकदा रात्रभर बादलीत ठेवलेल्या नळाच्या पाण्याचा. नळाचा साडेसात आणि टँकचा सहा-साडेसहा असेल तर दुसरा पुरावा नको. एक लक्षात ठेवा, नेहमीच्या पीएच किटची पट्टी ६.० ला संपते. टँकमध्ये ५.५ असला तरी ते ६.०च दाखवणार. पट्टीच्या टोकाचा आकडा आला की तो आकडा म्हणजे "इतका किंवा याहून कमी" असं वाचायचं.

उपाय स्वयंपाकघरात आहे : खायचा सोडा. धुण्याचा सोडा नव्हे, तो फार तीव्र असतो. आणि इनोही नव्हे, त्यात सायट्रिक आम्ल असतं. ५० लिटर पाण्याचा केएच एका डिग्रीने चढवायला साधारण दीड ग्रॅम खायचा सोडा लागतो. चहाचा सपाट चमचा म्हणजे साधारण पाच ग्रॅम, त्यामुळे ५० लिटरला एक सपाट चमचा घातला की केएच सुमारे ३ डिग्रीने वाढला. आधी तांब्याभर पाण्यात विरघळवा, मग फिल्टरच्या धारेत ओता. टँकमध्ये मासे नाहीत, तेव्हा एकदम घातला तरी कुणाचं बिघडत नाही. (मासे असतील तर हा परिच्छेद इथेच सोडा आणि खाली जा, तिथे वेगळं आहे.) सायकल चालू असताना केएच ४ च्या खाली जाऊ द्यायचा नाही, एवढं पाळलं तरी पुरे. सोडा घातल्यावर एक-दोन दिवसांत अमोनिया पुन्हा उतरू लागला तर बॅक्टेरिया जिवंत होते, नुसते अडून बसले होते, हे कळतं.

दर आठवड्याला सोडा मोजत बसायचा कंटाळा असेल तर फिल्टरमध्ये शिंपले ठेवा. मुंबईत यासाठी दुकानात जायची गरज नाही, घरी खायला तिसऱ्या केल्या की शिंपले फेकू नका. नीट घासून, मांसाचा कण न ठेवता, दोन-तीनदा उकळून, उन्हात वाळवून जाळीच्या पिशवीत भरा. पाणी आम्ल व्हायला लागलं की ते हळूहळू विरघळतात. आधीच पूर्ण घसरलेल्या टँकला मात्र शिंपल्यांनी झटपट उठवता येणार नाही, तिथे आधी सोडा. आणि एंजलफिश, निऑन टेट्रा अशा मऊ पाण्याच्या माशांचा बेत असेल तर मूठभरच घाला. सायकलपुरता केएच लागतो, पाणी दगडासारखं जड करायचं नाहीये.

आरओचं पाणी भरणाऱ्यांची गत याहून वाईट. "स्वच्छ पाणी" म्हणून प्युरिफायरच्या पाण्याने अख्खा टँक भरलेले लोक मी पाहिलेत. त्यात केएच जवळजवळ नसतोच, आणि फॉस्फेटही नसतं. बॅक्टेरियांना वाढायला थोडं फॉस्फेट लागतं. अशा टँकमध्ये सोड्याबरोबर चिमूटभर माशांचं खाणं चुरून टाका, फॉस्फेटची सोय होते. अ‍ॅक्वासॉइल घातलेल्या झाडांच्या टँकमध्येही केएच उतरतो, कारण ती मातीच तो शोषून घेते. तिथे सोड्याने मातीशी भांडत बसण्यापेक्षा पहिले काही आठवडे पाणी बदलत राहणं बरं.

एक आकडा एकदा मोजून वर्षभर वापरू नका. मेमध्ये तलाव तळाला गेलेले असतात, ऑगस्टमध्ये काठोकाठ. पाणी तेच राहत नाही. सोसायटीत टँकर येत असेल तर प्रत्येक टँकरचं पाणी वेगळं, कधी बोअरचं, कधी कुठलं.

क्लोरीन, आणि सोसायटीची टाकी धुण्याचा दिवस

पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात नळाच्या टोकाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन असावा असं आहे. तो आपल्याला रोगजंतूंपासून वाचवतो आणि फिल्टरमधल्या बॅक्टेरियांनाही सोडत नाही. पावसाळ्यात पाणी गढूळ झालं की वास नाकाला कळण्याइतका वाढतो. थोडं पाणी बदललं तर स्पंजवर जमलेली वसाहत लगेच मरत नाही, पण नव्या टँकमध्ये वसाहतच कोवळी असते.

खरा दणका सोसायटीची टाकी धुतात तेव्हा बसतो. गच्चीवरची आणि खालची टाकी घासून ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनचं द्रावण टाकतात, आणि नंतरच्या पहिल्या पाण्याला तरणतलावाचा वास येतो. नेमकं त्याच रविवारी सुट्टी म्हणून आपण टँकचं पाणी बदलतो. फलकावर टाकी सफाईची नोटीस दिसली की पुढचे दोन दिवस टँकला हात लावू नका.

एरवी अँटीक्लोरिनचे थेंब वापरा, किंवा हायपोचे खडे घ्या, म्हणजे सोडियम थायोसल्फेट; स्वस्तात मिळतं. २० लिटरच्या बादलीला तूरडाळीच्या दाण्याएवढे तीन खडे विरघळवले की नेहमीच्या क्लोरीनला पुरतात. रात्रभर एअर स्टोन लावून ठेवलेल्या बादलीतला क्लोरीनही उडतो, पण हे साध्या क्लोरीनचं. क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असं उडत नाही. टँकरच्या पाण्याचा भरवसा नाही, त्याला थेंब घालाच.

रात्री फिल्टर बंद

मुंबईच्या घरात टँक कुठे असतो? हॉलमध्ये. आणि हॉलमध्येच आजी-आजोबा नाहीतर मुलं झोपतात. एअर पंपची घरघर नको म्हणून रात्री अकराला बटण बंद, सकाळी सातला चालू. दिवसातले आठ तास बॅक्टेरियांच्या अंगावरून पाणीच वाहत नाही. १ ग्रॅम अमोनियाकल नायट्रोजन पचवायला त्यांना साडेचार ग्रॅमहून जास्त ऑक्सिजन लागतो, आणि बंद डब्याच्या फिल्टरमधला ऑक्सिजन काही तासांतच संपतो. मे महिन्यात पाणी ३० अंशांवर गेलेलं असतं. त्या तापमानाला लिटरभर पाण्यात जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २५ अंशांना सव्वाआठच्या आसपास. म्हणजे उन्हाळ्यात ही सवय आणखी महाग पडते.

आवाजावर उपाय आहेत. पंप भिंतीला टेकू देऊ नका, खाली जाड फोम ठेवा किंवा खिळ्याला दोरीने लटकवा. निम्मी घरघर जाते. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत नॉनरिटर्न व्हॉल्व्ह लावा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटं पंपात येतं. तरीही जमत नसेल तर एअर पंपाऐवजी पाण्यात बुडणारा छोटा पॉवर फिल्टर घ्या.

गणपतीला किंवा मे महिन्यात कोकणात जाताना मेन स्विच बंद करून जाणारी घरंही पुष्कळ. "शॉर्टसर्किट नको" ही भीती खरी आहे, पण आठ दिवस बंद असलेल्या फिल्टरात जे सडतं, ते परत आल्यावर तसंच चालू केलं तर थेट टँकमध्ये येतं. फ्रिजसाठी जशी एक लाइन चालू ठेवतो तशी टँकचीही ठेवा. नुसता अमोनिया आठ-दहा दिवस घातला नाही म्हणून बॅक्टेरिया संपत नाहीत, थोडे रोडावतात. आल्यावर १ पीपीएमचा डोस देऊन बघा. फिल्टर बंद राहिला असेल तर आधी त्याचा स्पंज टँकच्याच पाण्यात पिळून मग जोडा. वीज जाण्याचा प्रश्न आपल्याकडे एरवी फारसा नाही, तरी १२ ऑक्टोबर २०२० सारखा दिवस उगवतो आणि अर्धी मुंबई तासन् तास अंधारात जाते. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या.

निळं औषध, पिवळं औषध, मूठभर मीठ

नव्या टँकबरोबर दुकानदार कौतुकाने दोन छोट्या बाटल्या देतो. निळ्या बाटलीत बहुधा मिथिलिन ब्लू, पिवळीत अ‍ॅक्रिफ्लेविन. "पहिल्या दिवशी पाच-पाच थेंब." आजारी माशाला वेगळ्या बादलीत ही औषधं कामाची आहेत. सायकल होणाऱ्या टँकमध्ये मात्र जे वाढवायचंय तेच मारायचं औषध आपण हाताने घालतो. मिथिलिन ब्लू नायट्रीफाय करणाऱ्या बॅक्टेरियांना घातक आहे, आणि ते सिलिकॉनला, खडीलाही रंगवून ठेवतं. टेट्रासायक्लिनसारख्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांचंही तेच. आधीच घातलं असेल तर निम्म्याहून जास्त पाणी बदला, दोन दिवस कोळसा, म्हणजे अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन, फिल्टरमध्ये ठेवा, मग पुढे चला. थोडं मीठ घातलं असेल तर घाबरू नका, त्याने सायकल अडत नाही.

याच खात्यात स्पंज नळाखाली धुणं येतं. आठ दिवसांनी स्पंज तपकिरी दिसला की गृहिणीच्या सवयीने (आणि गृहस्थाच्याही) तो नळाखाली चोळून पांढराशुभ्र होतो. झालं, पुन्हा पहिल्यापासून. स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच दोनदा दाबायचा, तोही धार कमी झाली तरच. पाणी दुधासारखं झालं म्हणून सगळं पाणी ओतून देऊन खडी उकळणारेही भेटतात. तो दुधी रंग वेगळ्या, भराभर वाढणाऱ्या बॅक्टेरियांचा असतो. काही दिवसांत आपोआप जातो, फक्त खाणं टाकू नका.

बाटलीतल्या बॅक्टेरियांबद्दल थोडंच सांगतो. काही बाटल्यांत खरोखर नायट्रीफाय करणारे असतात, काहींत नुसता गाळ खाणारे, जे अमोनियाला हातही लावत नाहीत. आणि खरे असले तरी एप्रिल-मेमध्ये बंद गोडाऊनच्या उकाड्यात महिनोन् महिने पडलेली बाटली काय कामाची? त्यापेक्षा ओळखीच्या कुणाच्या जुन्या, निरोगी टँकमधला स्पंजाचा तुकडा मागून घ्या. पिशवीत त्याच टँकचं थोडं पाणी आणि बरीच हवा ठेवून विरारवरूनही लोकलने सुखरूप येतो. फक्त वाळू देऊ नका, उन्हात ठेवू नका. गोगलगायी सोबत येतील, त्याची तयारी ठेवा.

सायकल अडकलीच नव्हती, टेस्टने फसवलं

नायट्राइटची कहाणी वेगळी आहे. लोक रोज २ पीपीएम अमोनिया घालत राहतात, कारण "बॅक्टेरियांना रोज खायला लागतं". प्रत्येक डोसमधून सुमारे अडीच पट, म्हणजे ५ पीपीएम नायट्राइट होतं. नायट्राइट खाणारे अजून वाढायचेत. आठवडाभरात नायट्राइट ३० च्या वर. आणि नेहमीच्या किटची पट्टी ५ ला संपते! आत ३५ वरून १५ वर उतरलं तरी तुमच्या नळीतला जांभळा रंग तोच. तुम्ही म्हणता अडकलं, तिकडे काम जोरात चालू असतं.

म्हणून पाणी पातळ करून टेस्ट करा. टँकचं पाणी एक भाग, क्लोरीन काढलेलं पाणी नऊ भाग, आलेला आकडा गुणिले दहा. ५ आला तर ५० समजा, तोही कमीतकमी. असं असेल तर ८० टक्के पाणी बदला, नव्या पाण्यात केएच ४ करा आणि नायट्राइट शून्य होईपर्यंत अमोनिया घालणं थांबवा, किंवा दोन-तीन दिवसांतून एकदा १ पीपीएम पुरे. पाणी बदलल्याने सायकल मागे जाते ही समजूत खोटी आहे. बॅक्टेरिया स्पंजवर आहेत, त्यांना धक्का लागत नाही.

नायट्रेटच्या टेस्टवर या काळात विश्वास ठेवू नका. ती टेस्ट नायट्रेटचं आधी नायट्राइट करून मग रंग दाखवते, त्यामुळे आधीच भरपूर नायट्राइट असलं की ती खोटंच जास्त बोलते. शिवाय तिची दुसरी बाटली जोरात, अर्धा मिनिट आपटून हलवावी लागते. तळाला बसलेली पावडर सुटली नाही तर भरपूर नायट्रेट असून शून्य दिसतं. टँकमध्ये हायड्रिला किंवा मनी प्लांटच्या मुळ्या सोडल्या असतील तर ती झाडं अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही खातात. मग नायट्रेट कमी दिसलं तरी चिंता नाही.

अमोनियाचा ०.२५ हा आकडाही छळतो. रात्री पिवळ्या दिव्याखाली पिवळा आणि हिरवट पिवळा यांतला फरक कळत नाही. सकाळी खिडकीशी, कार्ड पांढऱ्या कागदावर ठेवून बघा. पट्ट्यांच्या टेस्टपेक्षा थेंबांच्या बऱ्या. आणि पट्ट्या वापरायच्याच तर पावसाळ्यात डबी उघडी ठेवू नका, आपल्या हवेत त्या आठवड्यात वाया जातात.

अमोनिया कोणता, किती

हा भाग पटकन. अमोनियम क्लोराइड सगळ्यांत सरळ. कल्हईवाले वापरतात तो नवसागर म्हणजे हेच, पण बाजारातल्या खड्यांत भेसळ काय आहे कुणास ठाऊक. केमिकलच्या दुकानातून, प्रिन्सेस स्ट्रीटला वगैरे, चांगल्या प्रतीची छोटी बाटली घ्या. १० ग्रॅम पावडर अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवून ठेवा. या द्रावणाचे १५ मिलिलिटर ५० लिटरच्या टँकला घातले की २ पीपीएम होतो. टँकमधलं पाणी मोजताना खडी आणि दगडांची जागा वजा करा. बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

कोलंबीचा तुकडा जाळीत लटकवूनही सायकल होते. पण किती अमोनिया सुटतोय ते कळत नाही, पाणी दुधी होतं, आणि वन रूम किचनमध्ये तिसऱ्या दिवशी घरचे तुम्हाला टँकसकट बाहेर काढतील. सुकट तर नकोच.

मासे आधीच सोडलेत आणि आता हे वाचताय?

तर क्रम बदलतो. खाणं दोन दिवसांतून एकदा, तेही चिमटीभर. रोज टेस्ट, अमोनिया किंवा नायट्राइट अर्ध्या पीपीएमच्या वर दिसलं की एक तृतीयांश ते निम्मं पाणी बदला. नायट्राइट असेल तर १० लिटरला १ ग्रॅम साधं मीठ घाला. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून रक्तात जाऊ देत नाही, आणि एवढं मीठ बहुतेक मासे, झाडं निभावून नेतात.

आणि खायचा सोडा एकदम घालू नका. हे फार महत्त्वाचं. पीएच सहाच्या आसपास आणि अमोनिया ४ असलेल्या टँकमध्ये मासे कसेबसे तगतात, कारण जवळजवळ सगळा अमोनियमच्या निरुपद्रवी रूपात असतो. २५ अंशांना पीएच ७ असताना मोकळा, विषारी अमोनिया एकूणच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास. पीएच ८ ला तो पाच टक्क्यांच्या वर जातो. ३० अंशांना याहून जास्त. म्हणजे चमचाभर सोड्याने पीएच झरकन चढला की काल चांगला असलेला मासा संध्याकाळी उलटा तरंगतो, आणि लोक म्हणतात सोडा विषारी होता. आधी रोज थोडं थोडं पाणी बदलून अमोनिया खाली आणा, मग सोडा चिमूटचिमूट करून दोन-तीन दिवसांत.

झाली हे कधी समजायचं

२ पीपीएम अमोनिया घाला. २४ तासांनी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. लागोपाठ दोन दिवस असं झालं की झाली. मुंबईच्या उबेत हीटर न लावता, केएच सांभाळला तर, कोऱ्या टँकला महिना-सव्वा महिना धरा. जुना स्पंज मिळाला तर बरंच लवकर. जानेवारीत थंडी पडली तर थोडे दिवस जास्त.

मग ८० टक्के पाणी बदला, म्हणजे साठलेलं नायट्रेट उतरेल, आणि सायकलसाठी चढवलेला केएच माशांच्या सोयीचा होईल. मासे एक-दोन दिवसांत आणा. क्रॉफर्ड मार्केटची फेरी पुढच्या आठवड्यावर गेली तर तोवर रोज १ पीपीएम चालू ठेवा. आणायच्या आदल्या रात्री मात्र अमोनिया नको. टँक लहान असेल तर पहिल्या खेपेला पाच-सहा छोटे मासे, बाकीचे पंधरा दिवसांनी. तेवढे दिवस अमोनिया दर दोन दिवसांनी आणि केएच दर रविवारी मोजा. केएच ३ च्या खाली दिसला की ५० लिटरला अर्धा ग्रॅम सोडा रोज, ४ होईपर्यंत.